'बी'चं 'ॲम' कसं झालं?

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, आमच्या सहावीतल्या चिरंजिवांचा आहे. पण उत्तर मलाही येत नाही म्हणून धागा काढतेय.

काल रात्री इंग्रजीचं पाठांतर चाललं होतं. बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन. आठ रूपं. चारदा घोकून झाल्यावर थांबला आणि म्हणाला, "आई, ईटचं ईटिंग होतं, वॉकचं वॉक्ड होतं, मूळ शब्द दिसतो तरी. बीचं ॲम कसं झालं? एक अक्षर जुळत नाही." मी म्हटलं, अनियमित क्रियापद आहे, पाठ कर. तर म्हणे, "अनियमित म्हणजे कोणालाच माहीत नाही असं का?"

सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय शे रे ते?" पोरगा म्हणाला, "आजी, तू 'शे' म्हणतेस ना, तेच. इंग्रजीत त्याची आठ तोंडं आहेत."

या 'शे'ची, म्हणजे अहिराणीतल्या 'आहे'ची, आमच्या घरात एक जुनी जखम आहे. बालवाडीत बाईंनी घरच्यांची ओळख करून द्यायला सांगितली, तेव्हा हा उभा राहून म्हणाला होता, "ही शे मन्ही बहीन." बाईंना 'ही' आणि 'शी' ऐकू आलं. त्या हसल्या, मग वर्ग हसला, आणि पुढे वर्षभर पोरं त्याला 'हीशी' म्हणत होती. तेव्हापासून शाळेत अहिराणी बंद. म्हणून यावेळी 'पाठ कर' म्हणून वाटेला लावायचं जिवावर आलं.

जाणकारांनी सांगावं. सोप्या शब्दांत सांगा, कारण पुढे मला ते आजी आणि नातू दोघांनाही समजवायचं आहे.

पांझरा

पाठ कर हेच उत्तर बरोबर आहे ताई. आम्ही केलं, आमचं काय बिघडलं?

काय_भो

काय बिघडलं ते तुमचे इंग्रजी मेसेज वाचून कळतं भो.

धुळ्याचे_मास्तर

पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. अक्षरं जुळत नाहीत, कारण ती एका घरची नाहीतच. तीन निरनिराळ्या क्रियापदांनी एका चुलीवर संसार मांडला आहे, आणि गंमत म्हणजे तिन्हींचे नातेवाईक आपल्याकडे आहेत. मी चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्यामुळे मला आवरणं कठीण जाणार आहे. वेळ काढून वाचा.

पहिलं घर 'अस्'चं. संस्कृतात अस्मि, अस्ति, सन्ति. आता 'ॲम' म्हणून पाहा. शेवटचा 'म' अस्मिचाच. 'इज' म्हणजे अस्तिचा भाऊ. इंग्रजीत त्याचा 'त' गळून गेला, पण जर्मनमध्ये 'इस्ट' आणि लॅटिनमध्ये 'एस्ट' असा तो शाबूत आहे. 'ते आहेत' यासाठी जुन्या इंग्रजीत 'सिंड' होतं. जर्मन माणूस आजही 'सिंड' म्हणतो, रोमन माणूस 'सुंट' म्हणायचा, आणि आपण 'सन्ति'. इंग्रजीतून ते पुढे नाहीसं झालं. उत्तर इंग्लंडच्या बोलीतलं 'आर' दक्षिणेकडे सरकत आलं आणि त्या जागेवर बसलं.

दुसरं घर 'भू'चं. जुन्या इंग्रजीत 'बेओन', त्याचं आजचं 'बी'. संस्कृतातल्या 'भ'च्या जागी इंग्रजीत 'ब' येतो. भ्राता आणि ब्रदर घ्या, नाहीतर भ्रू आणि भुवयांचं ब्राउ. याच भवतिचं प्राकृतात 'होइ' झालं आणि मराठीत 'होतो'. म्हणजे 'बी' आणि आपलं 'हो' ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं आहेत. तोंडावळा अजिबात जुळत नाही, पण कागदपत्रं पक्की आहेत.

तिसरं घर 'वस्'चं. वसति म्हणजे राहतो, मुक्काम करतो. आपली वस्ती, निवास, वसतिगृह सगळं त्यातलं. जुन्या इंग्रजीत 'वेसान' असं क्रियापद होतं. त्याचे भूतकाळ 'वॉज' आणि 'वेअर' तेवढे उरले, बाकीचं झिजून गेलं. 'ही वॉज' याच्या मुळाशी 'तो वसला' असा अर्थ आहे.

वर्तमानाला एक, भूतकाळाला दुसरा, आज्ञेला आणि मूळ रूपाला तिसरा. पाहुणे आले आणि घरचेच झाले.

पांझरा

म्हणजे शेवटी इंग्रजी संस्कृतातूनच निघाली. हे आम्ही पहिल्यापासून सांगतोय.

धुळ्याचे_मास्तर

नाही हो, नाही. हा फाटा इथेच तोडतो.

विल्यम जोन्स नावाचे न्यायाधीश कलकत्त्यात होते. १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना त्यांनी म्हटलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतकं साम्य आहे की त्या एकाच मुळातून आल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नसावं. शेवटचं वाक्य लोक सोयीने गाळतात. पुढे १८१६ मध्ये जर्मन पंडित फ्रान्झ बोप यांनी क्रियापदांच्या प्रत्ययांची शिस्तीत तुलना केली. अस्मि, अस्ति, सन्ति हाच त्यातला बिनतोड पुरावा.

आपल्या खेड्यातलं उदाहरण घ्या. तिघा चुलतभावांची नाकं सारखी असली म्हणून थोरला बाकी दोघांचा बाप होत नाही. आजा एकच होता, एवढंच ठरतं. त्यातल्या त्यात संस्कृतने आज्याच्या वस्तू जरा जास्त जपून ठेवल्या.

काय_भो

मास्तर, भुसावळकडचा प्रश्न. इंग्रजीत ओझं वाहण्याला 'बेअर' म्हणतात. आपलं भरीत त्यातलंच ना?

धुळ्याचे_मास्तर

'बेअर' आणि 'भृ' एकच. भार, भरण, भर्ता हे सगळे त्याच घरातले. भरताला मात्र यात ओढू नका. ते काड्यांच्या जाळावर भाजलेलंच बरं.

केळीचं_पान

रावेरहून. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण भाषाशास्त्र हा जुना नाद. मास्तरांनी एक सुंदर गोष्ट सोडून दिली ती सांगतो. 'वॉज'मध्ये 'स' (उच्चारात 'झ') आणि 'वेअर'मध्ये 'र', एकाच शब्दात असं का?

याचं उत्तर कार्ल व्हर्नर या डॅनिश माणसाने १८७० च्या दशकात दिलं. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, काही ठिकाणी 'स'चा 'र' होतो, काही ठिकाणी होत नाही, आणि नियम कोणाला सापडत नव्हता. व्हर्नरने वैदिक संस्कृतातले आघात, म्हणजे शब्दात जोर कुठे पडतो ते, तपासले. 'तो राहिला' म्हणजे 'उवास', आघात धातूवर. 'ते राहिले' म्हणजे 'ऊषुः', आघात शेवटच्या प्रत्ययावर. आघात धातूवर असेल तिथे 'स' टिकला, पुढे सरकला असेल तिथे 'स'चा 'झ' आणि त्याचा 'र' झाला. म्हणून एकवचनी वॉज, अनेकवचनी वेअर. इंग्रजीने ते आघात केव्हाच गमावले, पण त्यांचा ठसा या दोन शब्दांवर राहिला. लॉस्ट आणि फॉर्लॉर्न ही जोडीही तशीच.

पोराला सांगा, तू ज्याला 'पाठ कर' म्हणून कंटाळतोस त्याचं कोडं सोडवायला ऋग्वेदाच्या पाठांतराचा उपयोग झाला. ब्राह्मणांनी आघातासकट घोकलं नसतं तर व्हर्नरच्या हाती पुरावाच नसता.

पांझरा

बघा, शेवटी पाठांतरच कामाला आलं.

गिरणाकाठची

पांझरादादा, हा मुद्दा तुमचा.

मास्तर, आज सकाळी डबा भरता भरता पोराला तीन घरांची गोष्ट सांगितली. त्याला आवडली. पण त्याने पुढचं विचारलं, आणि मी पुन्हा अडले. "तीन होते तर कोणतं कधी वापरायचं हे त्यांना कसं कळायचं?"

केळीचं_पान

पोरगं कामाचं आहे ताई.

जुन्या इंग्रजीत वर्तमानकाळाला खरंच दोन संच होते आणि दोन्हींची कामं बरीचशी वाटलेली होती. आत्ता, समोर जे आहे त्याला 'इज'चा संच. नेहमी जे असतं, किंवा पुढे जे होणार आहे, त्याला 'बी'चा संच. आजच्या इंग्रजाला हा फरक समजवायला घाम फुटेल, कारण तो दोन्हीकडे 'इज' म्हणतो. मराठी माणसाला चुटकीसरशी कळतो: "पाणी थंड आहे" आणि "पाणी थंड असतं." पहिलं या पेल्यातलं, दुसरं माठातलं, रोजचं. जुन्या इंग्रजीकडे हे 'आहे' आणि 'असतं' होतं आणि त्यांनी ते हरवलं. आपण सांभाळलं.

धुळ्याचे_मास्तर

उत्तम. वर्गात हे उदाहरण माझ्याकडे असतं तर चार पिढ्यांचं भलं झालं असतं.

खापरावरची_पुरणपोळी

मी अमळनेरची, माहेर साक्री तालुक्यातलं. दोन दिवस नुसती वाचतेय, आता राहवत नाही. तुम्ही सगळे मराठी आणि संस्कृतात फिरताय, पण ताईंच्या सासूबाईंच्या बोलीत याहून मोठी मजा आहे.

"पाणी थंड असतं" हे आमच्याकडे कसं म्हणतात? "पानी थंडं ऱ्हास." 'शे' म्हणजे आत्ता आहे, 'ऱ्हास' म्हणजे असतं. आणि हाच 'ऱ्हास' राहण्यालाही: "तो धुयामा ऱ्हास," म्हणजे तो धुळ्यात राहतो. म्हणजे राहणं झिजत झिजत असणं झालं. मास्तरांनी वर सांगितलंच की इंग्रजीचा 'वॉज' मुळात 'वसला' होता. मग आमच्या आजीने आणि त्या इंग्रजांनी एकच युक्ती केली की!

आणखी पुढे. चालू काळ. इंग्रजीत "ही इज ईटिंग", तिथे मदतीला 'बी'. अहिराणीत "तो खाई ऱ्हायना", मदतीला पुन्हा राहणंच. "काय करी ऱ्हायना भाऊ?" हे वाक्य आपल्याकडे दिवसातून पन्नासदा कानावर पडतं. त्यात राहणं दडलंय हे मला आज दिसलं.

केळीचं_पान

वा! आता 'शे'चंच घ्या. गुजरातीत 'छे', जयपूरकडे 'छै', बंगालीत 'आछे', मैथिलीत 'अछि'. हे सगळे प्राकृत 'अच्छइ'चे वंशज, आणि आपला 'शे' त्यांच्याच पंगतीतला. पालीत 'अच्छति' म्हणजे बसणे, थांबून राहणे. म्हणजे तुमचा 'शे'सुद्धा मुळात 'बसलाय', 'टिकून आहे' असाच.

हिंदीतला 'था' हा संस्कृत 'स्थित'मधून आला, म्हणजे उभा राहिलेला. स्पॅनिशमधला 'एस्तार' लॅटिनमधल्या उभं राहण्यातून. कोणी बसलं, कोणी उभं राहिलं, कोणी वस्ती केली, आणि सगळ्यांचं शेवटी 'आहे' झालं.

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीत १९०७ च्या खंडात खानदेशीला मराठीबरोबर न ठेवता भिली भाषांच्या शेजारी ठेवलं आहे. त्यावरून आपल्याकडे अजून वाद होतात. 'शे' बघितलं की त्यांनी तसं का केलं ते थोडं कळतं.

पांझरा

वाद होतात म्हणजे? अहिराणी ही स्वतंत्र भाषा शे, बास.

काय_भो

आमच्या लेवा बोलीला पण धरा भो, नाहीतर मी भरीत पार्टीला कोणालाच बोलावणार नाही.

शिरपूरचा_वकील

उशिरा आलोय. कोर्टात रोज वापरतो तो एक शब्द तुमच्या पुढ्यात टाकतो: नेस्तनाबूत. फारसीत 'नीस्त' म्हणजे नाही, आणि 'नाबूद' म्हणजे नव्हता. मधला 'ओ' म्हणजे आणि. नाही आणि नव्हता, असा दुहेरी निकाल. मास्तर, यातल्या 'स्त'मध्ये तुमचा अस् आणि 'बूद'मध्ये तुमचा भू दिसतो का?

धुळ्याचे_मास्तर

दिसतो काय, लख्ख दिसतो! नास्ति आणि न भूत. वकीलसाहेब, तुम्ही तर अशिलाचा एकही पुरावा शिल्लक ठेवला नाही. फारसी हा आपला आणखी जवळचा भाऊ. एकाच शब्दात इंग्रजीच्या 'इज' आणि 'बी' दोघांचेही नातेवाईक गाडले गेलेत.

आता भूचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. भूतकाळ आणि भविष्यकाळ हे दोन्ही शब्द भूपासून, हे पोरं शिकतात. पण इंग्रजीतला 'फ्यूचर'सुद्धा लॅटिनमार्गे त्याच धातूचा. दुसरी त्याहून भारी. 'फिजिक्स'च्या मुळाशी ग्रीक 'फ्युसिस' आहे, म्हणजे जे उगवतं, होतं ते, निसर्ग. त्याचा धातू भूचाच भाऊ. आणि आपण त्या विषयाला नाव काय दिलं? भौतिकशास्त्र. भूपासून भूत, भूतापासून भौतिक. दोघं दोन वाटांनी चालत जाऊन एकाच विहिरीवर पोचले.

अस्चंही एक. संस्कृत 'सत्' म्हणजे असलेलं, म्हणून सत्य. जुन्या इंग्रजीत सत्याला 'सूथ' म्हणत, तो याच धातूतून. जे आहे तेच खरं, असं दोघांनाही वाटलं. आज तो शब्द मागे पडला, भविष्य सांगणाऱ्याला 'सूथसेअर' म्हणतात त्यात तेवढा उरला.

खापरावरची_पुरणपोळी

आमच्या अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर आहे, १९१६ पासूनचं. तिथे सत् म्हणजे काय यावर मोठमोठ्या लोकांनी वर्षानुवर्षं डोकी फोडली. आणि बाहेरच्या चहाच्या टपरीवर "शे का? शे. नही शे," एवढ्यात व्यवहार उरकतो.

शिरपूरचा_वकील

वस् आणि भूच्या घरगुती बाजूवरून अजून एक. इंग्रजीत 'नेबर' म्हणजे जवळ राहणारा, आणि 'हजबंड' म्हणजे घरात राहणारा. दोन्हींच्या शेपटीत भू आहे. माझ्याकडे येणारे निम्मे दावे या दोघांचेच असतात.

क्लासवाली_मॅडम

जळगावात इंग्रजीचे क्लास घेते. तुमची चर्चा रंगलीय, पण माझी रोजची डोकेदुखी ऐका. "आय ॲम गो टू स्कूल." दर वर्षी, दर बॅचला. मी पूर्वी चिडायचे. मग लक्षात आलं की पोरांनी 'मी' याचा अर्थ 'आय ॲम' असा एकगठ्ठा घेतलेला असतो, कारण पहिला धडा "आय ॲम अमुक तमुक" हाच. "मी जातो"मध्ये 'आहे' नाहीच. तेव्हा मी आता पहिल्या दिवशी "मी राम" आणि "मी जातो" फळ्यावर लिहिते आणि विचारते, इंग्रजाला यातल्या कशात 'आहे' लागतं? मराठीत "हा माझा भाऊ" एवढं म्हटलं तरी चालतं. इंग्रजाला तिथे 'इज' लागतोच, वाक्य त्याशिवाय लंगडं.

दुसरी गल्लत 'हॅव'ची. "मले दोन भाऊ शेतस," "मला दोन भाऊ आहेत." आपल्याकडे माणसं कोणाच्या मालकीची नसतात, ती फक्त असतात. इंग्रजीत मात्र भाऊसुद्धा 'हॅव' करावा लागतो. म्हणून "टू मी टू ब्रदर्स आर" असं लिहिणारा पोरगा मूर्ख नाही, तो फक्त संस्कृत आणि लॅटिनच्या पद्धतीने विचार करतोय. मार्क मात्र कापावे लागतात.

गिरणाकाठची

मॅडम, तुमचा क्लास पाचोऱ्यात असता तर!

मी पण शाळेत असताना एकदा 'यू'पुढे 'वॉज' लिहिलं होतं. एका माणसाशी बोलतोय, मग 'वेअर' कशाला, असा माझा हिशेब. लाल रेघ आली. कारण अजून कळलेलं नाही.

केळीचं_पान

ताई, तुमच्या बाजूने साक्षीदार आहेत. अठराव्या शतकात चांगले शिकलेले इंग्रज एका माणसाला उद्देशून 'यू वॉज' सर्रास लिहीत. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात त्यावर कडक ताशेरे मारले, आणि पुढे ते अडाणीपणाचं लक्षण ठरलं. मूळ कारण सोपं आहे. 'यू' म्हणजे 'तुम्ही'. 'तू'साठी 'दाऊ' होता, त्याच्यापुढे 'आर्ट' यायचं. आदरापोटी सगळ्यांनाच तुम्ही म्हणता म्हणता 'दाऊ' संपला. आपणसुद्धा एका मास्तरांना "तुम्ही होता" म्हणतो, "तुम्ही होतास" म्हणत नाही. तसंच ते 'यू वेअर'.

पांझरा

आमच्या घरात बापालेबी तू आन् मायलेबी तू. आम्ही इंग्रज होऊ शकत नाही.

गिरणाकाठची

ताजी खबर. काल रात्री जेवणं झाल्यावर पोराने वहीचं एक पान उभं आखून तीन रकाने केले. वर लिहिलं अस्, भू, वस्. खाली इंग्रजी आठही रूपं वाटून टाकली. 'आर' कुठे टाकायचा म्हणून अडला, मग त्याच्यासमोर "उत्तरेकडचा पाहुणा" असं लिहिलं. चौथा रकाना स्वतःहून केला, त्याच्या डोक्यावर 'आजी', आणि खाली शे, शेतस, व्हता, ऱ्हास, ऱ्हायना. हे शब्द सासूबाईंनी एकेक करून सांगितले. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण तो लिहितोय ते बरोबर आहे का हे दोनदा म्हणून दाखवायला लावलं. 'व्हतात' राहिलं होतं, ते त्यांनीच काढून दिलं.

आता नवीन प्रश्न आलाय. "गोचं वेंट कसं झालं?"

धुळ्याचे_मास्तर

'वेंट' हा 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, वळणं, वाट धरणं असा अर्थ. 'गो'ने तो उचलून आणला. पण हे लगेच सांगू नका. आधी त्याला विचारा, 'जातो'चं 'गेला' कसं झालं? जातो 'या' धातूचा, गेला 'गम्'चा. बघू काय म्हणतो.

गिरणाकाठची

विचारलं. जरा वेळ वर बघत बसला. मग म्हणाला, "जास ना गया." आणि वही घेऊन आजीकडे गेला.